पान सतरावरची ओळ

प्रिय शंकाबाई,

त्या सकाळी मी नेहमीपेक्षा पाऊण तास आधी क्लासवर पोचलो होतो. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, फळा पुसला, सूचनाफलकावरच्या मोकळ्या टाचण्या गोळा करून एका वाटीत ठेवल्या. मग एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, वाटीतली एक टाचणी उचलली आणि फलकासमोर जाऊन उभा राहिलो. किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. चिठ्ठी लावली नाही, एवढं पक्कं आठवतं. याला तीन वर्षं झाली. त्या चिठ्ठीत काय होतं ते सांगायलाच आज बसलोय, पण एकदम तिथे यायचा धीर होत नाही. जरा वळसा घालून येतो. तू मला ओळखतेसच, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी मी मागच्या गल्लीने जाणारा माणूस.

आधी घरचं. आई बरी आहे. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय, आणि हे सांगायला ती दिवसातून दोनदा जिना चढून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाते. तुझ्या खोलीतली खुर्ची तिने शिवणयंत्रापाशी नेली, पण टेबलाला हात लावू देत नाही. परवा मी त्यावर वर्तमानपत्रं ठेवली तर म्हणाली, तुमचा पसारा तुमच्या डोक्यात ठेवा, इथे नको.

क्लासमध्येही बरंच बदललं. सरांनी संगणकावर नवीन सोय घेतली आहे. सगळ्या वर्तमानपत्रांतल्या, सरकारी संकेतस्थळांवरच्या बातम्या ती दोन मिनिटांत वाचते आणि चालू घडामोडींचं टिपण काढून देते. ज्या कामाला माझा महिना जायचा, ते माझा चहा निवायच्या आत होतं. मला वाटलं, आता बातम्या कापणाऱ्या या कात्रणकाकांना नारळ. पण सरांनी ठेवलं मला. म्हणाले, ते यंत्र खरं आणि खोटं एकाच सुरात सांगतं, तुम्ही त्याच्यावर नजर ठेवा. ठेवतो. त्याच्या चुका सापडतातही. पोरं हसतात, म्हणतात, काकांनी यंत्राला पकडलं. मला मात्र हसू येत नाही. त्या बिचाऱ्याला आपण चुकलोय हे माहीत तरी नसतं.

आपले तीन डबे अजून आहेत. बिस्किटांचे, पत्र्याचे. तू दुसरीत असताना त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्यास, वाकड्या अक्षरात: ‘बोलले’, ‘लिहिलं’, ‘लागू झालं’. मंत्र्याने भाषणात सांगितलं की कात्रण पहिल्या डब्यात. त्याचा मसुदा निघाला, लोकांच्या हरकती मागवल्या की दुसऱ्यात. नियम राजपत्रात छापून आला, अंमलाची तारीख पडली, तरच तिसऱ्यात. क्लासच्या चालू घडामोडींच्या पुस्तिकेत ‘लागू’ हा शब्द फक्त तिसऱ्या डब्यातल्या कात्रणाला मिळायचा. रविवारी तू जमिनीवर मांडी घालून कात्रणं या डब्यातून त्या डब्यात न्यायचीस आणि दर कात्रणाला विचारायचीस, बाबा, हे नक्की झालं का? सरांनी तुझं नाव शंकाबाई ठेवलं ते तेव्हाच. पुढे त्याच क्लासच्या अभ्यासिकेत बसून तू स्पर्धा परीक्षेची तयारी करायला लागलीस, तेव्हा सर तुला म्हणायचे, अगं, परीक्षकालाही एखादी शंका शिल्लक ठेव.

तीन वर्षांपूर्वी एक मसुदा निघाला होता. संगणकाने एखाद्याचा अर्ज नाकारला, तर तीस दिवसांच्या आत एखाद्या अधिकाऱ्याने तो स्वतः उघडून वाचायचा, असा. मला तो फार आवडला होता. मी खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत शिकलो. आम्हाला नाही म्हणणारा माणूस निदान समोर तरी असायचा, त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारता यायचं. म्हणून ते कात्रण मी दोनदा वाचलं. आणि तरीही, का कोण जाणे, ते दुसऱ्या डब्याऐवजी तिसऱ्यात गेलं. बातमीत मंत्री म्हणाले होते की आता नागरिकाला हा हक्क मिळाला आहे. सरांची घाई होती, समोरच्या क्लासची पुस्तिका सोमवारी येणार होती. पण घाईवर ढकलत नाही. मनातून मला तो नियम लागू व्हायला हवा होता, आणि हव्याशा गोष्टीला कोणी तारीख विचारत नाही. पान सतरा, ओळ तिसरी: ‘संगणकाने नाकारलेला अर्ज तीस दिवसांत अधिकाऱ्याने तपासण्याचा नियम लागू.’

पुढचं तुला माहीत आहे. पूर्वपरीक्षेत प्रश्न आला, पुढीलपैकी कोणती तरतूद सध्या लागू आहे. तू आपल्या पुस्तिकेप्रमाणे खूण केलीस. उत्तर चुकलं, चुकल्याचे गुणही कापले गेले, आणि तू दीड गुणाने राहिलीस. उत्तरं जाहीर झाली त्या दिवशी अभ्यासिकेतली मुलं माझ्यावर चिडली होती. तेव्हा तूच पुढे झालीस. वर्षाला बाराशे बातम्या कापणाऱ्या माणसाची एक ओळ चुकली तर एवढं आकांडतांडव कशाला, मूळ कागद वाचायला आपले डोळे काय गहाण होते का, असं तू त्यांना सुनावलंस. घरी येऊन मला म्हणालीस, बाबा, जिवाला लावून घेऊ नका, चूक माझी आहे. मी मान हलवली. शंकाबाई, ती मान मी कशी हलवली ते माझं मला माहीत.

कारण चूक कळली ती उत्तरं आली तेव्हा नव्हे. परीक्षेच्या अकरा दिवस आधी कळली होती. त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी. दुसरंच काही शोधताना त्या खात्याचं पान उघडलं, आणि वरच लिहिलेलं होतं की मसुद्यावर हरकती पाठवण्याची मुदत वाढवली आहे. लागू कसला, अजून हरकतीच चालल्या होत्या. पुस्तिका तर दोन हजार मुलांच्या हातात गेली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी लवकर गेलो. चिठ्ठीवर लिहिलं, ‘पान १७, ओळ ३: लागू नव्हे, अजून मसुदाच आहे.’ टाचणी टोचणार एवढ्यात सर आत आले. सोबत नव्या प्रवेशासाठी आलेले एक आईबाप होते. सर त्यांना पुस्तिका दाखवत म्हणाले, गेल्या सात वर्षांत आम्हाला एकदाही चूक दुरुस्त करून छापावी लागली नाही, हे आमचे कात्रणकाका. त्या बाईंनी मला हात जोडले. मीही जोडले, तर चिठ्ठी दोन्ही तळव्यांच्या मध्ये आली. ती तशीच खिशात घातली. सरांनी मला अडवलं नाही, कोणीच अडवलं नाही. सात वर्षांची ती फुशारकी मुळात माझीच होती, सर फक्त ती मोठ्याने म्हणत होते.

वाटलं, एवढीशी ओळ, कोण विचारतंय. आणि त्याच दिवशी जेवताना तू विचारलंस. आठवतं का बघ. हातात घास धरून तू म्हणालीस, बाबा, ते पान सतरावरचं नक्की लागू झालंय? अजून हरकती मागवतायत असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, तुझ्या शंका कधी संपणार? पुस्तिकेत दिलंय तेवढं कर. आई म्हणाली, जेवताना तरी तिला सोडा. तू हसलीस आणि घास खाल्लास.

तू म्हणशील, निदान मला तरी सांगायचं. तेही मी तेव्हा मनाशी घोळवलं. आणि काय ठरवलं माहीत आहे? दोन हजार मुलांना सांगत नाही, मग एकट्या आपल्या मुलीला सांगणं हा अन्याय होईल. असा न्याय केला मी. पापावर पांघरूण घालायला पुण्याची शाल शोधून काढली, आणि ती तुझ्याच अंगावरची ओढून घेतली.

चिठ्ठी फाडायचं धाडस मात्र झालं नाही. ती मी देवाच्या तसबिरीमागे ठेवली. रोज सकाळी अंघोळ करून तिथे हात जोडतो, तीन वर्षं जोडतोय. मागणं काही मागितलं नाही. पाठीमागे काय ठेवलंय ते माहीत असताना पुढून काय मागणार. कधी कधी आमचे गुरुजी आठवायचे. एकदा त्यांनी आम्हाला गणिताची एक रीत चुकीची शिकवली. शाळा सुटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तर अंधार पडायच्या आत गुरुजी घरोघर फिरले. आमच्या दारात उभं राहून वडिलांसमोर मला म्हणाले, बाळा, आज मी शिकवलेलं चुकलंय, पाटी पूस. वडील नंतर म्हणाले, वेडा माणूस, उद्या सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. मला तेव्हा वडिलांचं पटलं होतं.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली म्हणजे तुझं पत्र. तू त्या मदत खिडकीवरच्या कामाबद्दल लिहिलंस. संगणकाने अर्ज नाकारलेली माणसं दिवसभर तुझ्यापुढे रांग लावतात आणि तू फोन करकरून एखादा अधिकारी शोधत बसतेस. त्या म्हातारबाबांचं वाचून मला हसूही आलं आणि गलबललंही, ‘मशीन नाही म्हणतंय, तू तरी विचार करून नाही म्हण.’ पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की आता कायम नोकरीच्या कागदावर सही करणार. वयाच्या अटीत यंदाची एक शेवटची संधी उरली आहे, पण अर्ज भरणार नाही. ‘मसुदा आणि नियम यांतला फरक जिला कळला नाही, ती अधिकारी होऊन लोकांचं काय भलं करणार, बाबा? माझ्यात ती नजर नाही.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. आणि पत्रात एकही शंका नव्हती. विचार केला तेव्हा ध्यानात आलं, गेल्या तीन वर्षांत तू मला एकही शंका विचारलेली नाहीस. सरांनी ठेवलेलं नावच फुकट गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे तो नियम खरंच लागू झाला. राजपत्रात आला, तारीख पडली. मुदत तीसची पंचेचाळीस दिवस झाली, बाकी तसाच. सर खूश होऊन म्हणाले, बघा, आपण तीन वर्षं काळाच्या पुढे होतो, ती जुनी ओळच तीसच्या जागी पंचेचाळीस घालून छापून टाका. मी खुर्चीवर बसून ते कात्रण कापलं. ते तिसऱ्या डब्यात टाकायला झाकण उघडलं आणि हात तिथेच थांबला. आता ओळ खरी झाली होती. आता कोणीच कधीच विचारणार नव्हतं. एवढे दिवस मला माझी लपवाछपवी उघडी पडायची भीती वाटत होती, त्या दिवशी ती कायमची झाकली जाईल याची वाटली.

आईला पहिल्यांदा सांगितलं. ती शिवत होती. यंत्र थांबवलं, दोरा बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, मला कशाला सांगता, ज्यांचं आहे त्यांना सांगा. सरांना सांगितलं, ती चिठ्ठी आता फलकावर लावतो म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, काका, तीन वर्षांपूर्वीची मढी उकरून कोणाला काय मिळणार? मी म्हणालो, दोन हजारांतल्या एकीचा अर्ज भरायचा राहिलाय. तुझं नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलं असावं. म्हणाले, लावा, पण क्लासचं नाव नको. मी म्हणालो, नाव माझंच आहे.

मी तुला अर्ज भर असं सांगत नाही. खिडकीवर बसून तू जे करतेस, ते तो नियम करणार होता तेच आहे, आणि ते तुला मनापासून आवडत असेल तर खुशाल सही कर. फक्त माझ्या खोट्यावर भरवसा ठेवून सही करू नकोस. तुला नजर होती. तुला शंका आली होती, बरोबर आली होती, बरोबर माणसालाच विचारली होतीस. त्या माणसाने तुझा अर्ज न वाचता नाकारला. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, एवढंच कळवतो. माफीचं काय ते तू ठरव, त्याला मुदत नाही.

आज सकाळी पाऊण तास आधी गेलो. खिडक्या उघडल्या, फळा पुसला. तसबिरीमागची चिठ्ठी खिशातून काढली, घडीवर कागद पिवळा पडलाय. तिच्याखाली लिहिलं, ‘ही चूक मला परीक्षेच्या अकरा दिवस आधी कळली होती. मी सांगितली नाही.’ खाली माझं पूर्ण नाव, सही आणि तेव्हाची व आजची अशा दोन्ही तारखा घातल्या, आणि ती फलकाच्या मधोमध चार टाचण्यांनी लावली. मुलं यायला लागली तरी मी तिथेच उभा राहिलो. एका मुलीने ती दोनदा वाचली, माझ्याकडे वळली आणि विचारलं, काका, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी म्हणालो, हो.

तुझाच,
बाबा