ट्रंकेच्या तळाचे बूट

सूनबाई,

बाळाचे पाय बघून डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाचे पाय असे आत वळलेले होते का?" तुझ्याआधी मीच बोलले, "आमच्याकडे नाही हो कुणाचे." वर तुलाच सुनावलं, "नववा लागेपर्यंत शिलाई मशीन चालवत होतीस, भोग आता." तेव्हापासून तू मशीनचं झाकण उघडलेलं नाहीस.

खोटं बोलले गं. तुझ्या नवऱ्याचे दोन्ही पाय जन्मतः तसेच होते. प्लास्टर, मग पट्टीने जोडलेले बूट, तेव्हा कुठे सरळ झाले. लोक काय म्हणतील म्हणून मी त्यालाही कधी सांगितलं नाही.

काल तू विचारलंस, "आई, बाळाला पट्टीचे बूट लागणार म्हणे. कसे असतात हो?"

"मला काय माहीत!"

हे पत्र ट्रंकेत, तुझ्या नवऱ्याच्या त्याच बुटांत दुमडून ठेवतेय.

जिला तू आई म्हणतेस, ती