अकरा नवे कोरे पेले

मी देइदामिया ओवेलार, वय सदुसष्ट, धंदा औषधी पाला विकण्याचा, राहणार कारापेग्वा, बाजारामागची गल्ली, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याबाबतीत माझ्या जावांचे मत विचारू नये. पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली आहे. नाताळ दिसेल की नाही सांगता येत नाही, म्हणून कोणाच्याही दडपणाखाली न येता ही व्यवस्था करते. याआधीचा कागद असल्यास रद्द समजावा. असा कागद नाही, पण नोटरी डॉन एलिहिओ म्हणतात, लिहावे लागते.

कलम १. राहते घर, परसू आणि आंब्याची दोन झाडे भाची निमिया हिला. अट कलम ६ मध्ये आहे. ती वाचेपर्यंत तिने हुरळून जाऊ नये.

कलम २. आजारपणात आलेल्या भेटी ज्याच्या त्याला परत द्याव्यात. माझे केस गळू लागले त्याच आठवड्यात चुलतबहीण ओविदियाने शिंगाचा नक्षीदार कंगवा आणला. तो नवा होता तसाच आहे. काकुपेच्या मेरीमातेच्या सात मूर्ती आल्या, त्याही परत. सातजणींनी काम एकमेकींवर ढकलले असावे.

कलम ३. डॉन एर्मोहेनेस, निवृत्त शाळामास्तर, दर रविवारी येऊन याच दुखण्याने कोण कोण गेले ते नावानिशी सांगत. त्यांना माझे गजराचे घड्याळ. आजाऱ्याकडे जाताना ते सोबत न्यावे, दहा मिनिटांचा गजर लावावा आणि वाजला की उठावे.

कलम ४. राजधानीच्या बसचा ड्रायव्हर देर्लिस याला माझा लग्नातला झालरीचा झुला. औषध टोचून परत येताना मला ओकाऱ्या होत. त्याने एकदा पाहिले. पुढच्या खेपेला पहिल्या सीटशी झाकणाची बादली होती, ओले फडके होते आणि रेडिओ बंद होता. "काही लागलं तर सांगा" असे तो कधी म्हणाला नाही. तसे म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांना मी काही सांगितलेही नाही.

कलम ५. पेले. आमच्याकडे तेरेरे, म्हणजे पाल्याचे गार पेय, एकट्याने पीत नाहीत. एकजण पाला कुटतो, पेल्यात गार पाणी ओततो, पेला फिरतो. नळी सगळ्यांची एकच. माझी बातमी बाजारात पसरली आणि जो तो माझ्यासाठी वेगळा पेला आणि वेगळी नळी घेऊन येऊ लागला. "हा खास तुमच्यासाठी, डोन्या देइदामिया." असे अकरा झाले. चर्चच्या गायकमंडळाने तर चांदीच्या पट्टीवर माझे नाव कोरून आणले. सगळ्यांचा हेतू चांगला होता. मनात मात्र एकच होते, गाठ नळीतून दुसऱ्याला लागते. चाळीस वर्षे मी या गावाला पाला पुरवला आणि माझ्याच अंगणात अकरा पेले समोर मांडून एकटी पीत बसले. तेव्हा मी रडले. डॉन एलिहिओ म्हणतात हे कायद्याला लागत नाही. मी म्हटले, लिहा.

पुढे सर्विलियाना फ्रेटेस आली. बाजारात तिची पाल्याची गादी माझ्या समोरची. तीस वर्षे आमचे उभे वैर. ती म्हणे, माझा पुदिना पाणी मारून ताजा दिसतो. मी म्हणे, तिचा पाला कुत्री फिरतात तिथे उगवतो. दोघींचेही खरे होते. ती दारात उभी राहिली, मी कुटत होते ते पाहिले आणि म्हणाली, "असं कुटतात? आणि हेच पाजलंस गावाला?" माझ्या हातातून बत्ता ओढला, पाला कुटला, पाणी ओतले, आधी स्वतः ओढले आणि नळी न पुसता माझ्या हातात दिली.

"पी. बर्फ वितळतोय."

त्यानंतर ती रोज आली. रोज भांडली. एवढी मोठी भेट मला कोणी दिली नाही.

अकराही पेल्यांत पुदिन्याची रोपे लावून ते देणाऱ्यांच्या दारात ठेवावेत.

कलम ६. गेल्या महिन्यात सर्विलियानाच्या छातीत गाठ निघाली. तिच्या परवानगीने लिहिते. ती म्हणाली, बाजाराला कळायचं ते कळलंच आहे. आता तिच्याही दारात पेल्यांची रांग लागेल, याची मला माझ्या मरणापेक्षा जास्त धास्ती आहे. म्हणून निमियाला घर या अटीवर: रोज सकाळी दहा वाजता तिच्याकडे जायचे, एकाच नळीने प्यायचे, नळी पुसायची नाही. निमियाने विचारले, "मावशी, असं किती दिवस?" ती असेपर्यंत. बरी झाली तर जन्मभर. घर काय फुकट मिळते?

कलम ७. साठवलेले सगळे पैसे राजधानीत माझ्यावर उपचार झाले त्या इस्पितळाला. त्यातून नातेवाईक ताटकळतात त्या अंगणात बर्फाचे यंत्र बसवावे. माझ्या नावाची पाटी लावू नये. पाटीने पाणी गार होत नाही.

कलम ८. माझा लाकडी खलबत्ता सर्विलियाना फ्रेटेस हिला.

हे कलम रद्द. कारण असे की सर्विलियाना साक्षीदार म्हणून इस्त्रीचा झगा घालून आली होती आणि डॉन एलिहिओ म्हणाले, ज्याला मिळायचे आहे त्याची साक्ष चालत नाही. ती म्हणाली, "मग काढ माझं नाव. मी घ्यायला नाही, तुझ्यासाठी उभी राहायला आलेय." मी निमियाकडून खलबत्ता मागवला आणि तिच्या मांडीवर ठेवला. म्हटले, मेल्यावर कशाला, आत्ता घे. जिवंतपणी हातोहात दिलेले या कागदात येत नाही, असे डॉन एलिहिओंनी सांगितले. सर्विलियानाने तळ निरखला, त्यातली चीर शोधून काढली, ती मला दाखवली आणि खलबत्ता पोटाशी धरून रडू लागली. मीही रडले. त्यामुळे सह्या थोड्या उशिरा झाल्या.

वाचून दाखवले, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

स्थळ: कारापेग्वा
तारीख: १४ नोव्हेंबर २०१८

(सही) देइदामिया ओवेलार

साक्षीदार:
१. देमेत्रिओ कान्तेरो, खाटीक
२. रामोना इन्स्फ्रान, शिवणकाम
३. सर्विलियाना फ्रेटेस, पाला विक्री. या कागदाने मला काहीही मिळत नाही.