मागच्या चाकाचं तेल आणि किल्ली

आणि चेन नाही म्हणजे मोटारसायकलला काही करावंच लागत नाही, हे तुला सांगितलं तरी कुणी, दादा? बाबांनी तर नाही. बाबा मागचं चाक उतरवून अंगणात बसायचे, तेव्हा तू आरशासमोर भांग पाडत असायचास. चेन नाही, पण तिच्या जागी दांडा आहे. दांड्याच्या टोकाला, चाकाजवळ, गिअरचा डबा आहे आणि ते गिअर तेलात बुडालेले लागतात. इतकं साधं. पण सांगायला गेलं की तू म्हणणार, "ग्रीस्या, मला शिकवू नकोस." म्हणून आता सांगत नाही. सही-साक्षीनिशी लिहून ठेवतो.

तर मी, खाली सही करणारा, घरातला मधला, सध्या मुक्काम पवनचक्क्यांच्या कामावर, लिहून ठेवतो की मी प्यायलेलो नाही, मला ताप नाही, आणि माझा हात धरून कुणी हे लिहून घेत नाही. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. उद्यापासून मला मनोऱ्याच्या टोकावर ग्रीस भरायला चढवणार आहेत. वर जाणाऱ्यानं आपल्या मागं कुणाला काय, ते लिहून द्यायचं असतं. बाकीच्यांनी चार ओळी खरडल्या. माझं चार ओळींत मावत नाही. शाळा सहावीत सोडली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घावरून कुणी हसू नये.

कलम एक. घरातला माझा वाटा आईला. आई आहे तोवर घर विकायचं नाही, आणि पुढच्या खोलीत टाइल्सची खोकी रचायची नाहीत. दादा टाइल्सच्या दुकानात कामाला आहे, याचा अर्थ आपलं घर दुकानाचं गोडाऊन आहे असा होत नाही. त्या खोक्यांना अडखळून आईनं अंगठा फोडून घेतला, तर म्हणे, "बघून चालायचं ना."

कलम दोन. बँकेत माझ्या नावावर जे निघेल ते धाकट्या बहिणीला, स्वतःचं शिलाईचं दुकान टाकायला. लग्नाला नाही. "तिच्या लग्नासाठी मी सांभाळून ठेवतो" असं दादा म्हणेल. त्याच्याकडे सांभाळायला दिलेल्या वस्तूंचं काय होतं, ते पुढच्या कलमात आहे.

कलम तीन. बाबांची पान्यांची पेटी, ग्रीसची पिचकारी आणि रबराचा हातोडा धाकटीला. बाबांच्या कामाच्या टेबलावरचा व्हाइस, लोखंड घट्ट पकडायचा शिकंजा, तोही दिला असता, पण तो दादानं भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवला. बाबांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. "लोखंड नुसतं पडून होतं," म्हणाला. अरे, व्हाइस पडूनच असतो! तो काय घरभर फिरणार आहे? मी तेव्हा गप्प बसलो, कारण आई समोर होती. त्या टेबलाला व्हाइसच्या बोल्टची चार भोकं राहिली आहेत. ती चारही भोकं या मृत्युपत्रानं मी दादाला देतो. दुसरं काही नाही.

कलम चार. गाडी.

गाडी बाबांची, कागद माझ्या नावावर, किल्ली दादाच्या खिशात. "मोठा मी आहे" एवढाच त्याचा कागद. मी इकडे आलो तेव्हा एकच गोष्ट त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली होती. बाबा सांगायचे तीच. डब्याला दोन बोल्ट. वरचा तेल भरायचा, खालचा तेल काढायचा. आधी वरचा सुटतोय का ते बघायचं, मगच खालच्याला हात लावायचा. का, तर वरचा अडकला असेल आणि तू खालून सगळं काढून बसलास, तर भरणार कुठून?

परवा फोनवर स्वतःच सांगतो, मोठ्या फुशारकीनं, "तुझं ते तेल बदलायला काढलं बरं का. काळंमिट्ट होतं."

"नवीन किती बसलं?"

"ते राहिलं. वरचा बोल्ट निघेना. पाना सटकला, डोकं गोल झालं त्याचं."

"मग?"

"मग काय, खालचा लावून टाकला."

"दादा, आत तेल नाहीये!"

"अरे, थोडं लागलेलं राहतंच की आत. चालतेय गाडी. उगाच बोंबलू नकोस."

मागून आईचा आवाज, "त्याला विचार, जेवलास का?"

चालतेय! कढईसुद्धा तेलाशिवाय चालते, आत काय जळतंय ते उघडून बघितल्यावर कळतं. संध्याकाळी धाकटीनं कळवलं, डब्याला बोट लावलं तर पोळलं. तिनं दादाकडे किल्ली मागितली, तर म्हणाला, "तू आपली शिलाई बघ." शिलाईच बघते ती. रोज सकाळी मशीनला तेलाचा थेंब दिल्याशिवाय पायडलवर पाय ठेवत नाही. तिचं मशीन तुझ्या हातात असतं तर आत्तापर्यंत तेही भंगारवाल्याकडे गेलं असतं.

ते कोरडे गिअर एकमेकांना चावून बसले की मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. ब्रेक नाही, क्लच नाही, काही चालत नाही. आणि मागं बसते कोण? दर मंगळवारी दवाखान्यात जायला आई. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर फायलीची पिशवी, एक हात तुझ्या खांद्यावर. तुझ्या खांद्यावर, दादा.

म्हणून गाडी धाकटीला, किल्लीसकट, या हुकमासह: गाडी चालू करायची नाही, टेम्पोत घालून वेल्डरकडे न्यायची. धाकटे, डोकं गोल झालेल्या बोल्टावर त्याच्याकडून नट चिकटवून घे, त्या तापानंच बोल्ट ढिला होईल. वरचा सुटला की मग खालचा. खालच्याच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर राखाडी चिखल असेल तर ठीक. पण नखानं उचलता येतील असे तुकडे असतील तर तेल भरू नकोस, आधी मला फोटो पाठव. तेल गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर उभी करून भरायचं, वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. जास्त भरलंस तर सील फोडून ब्रेकवर येईल. बोल्टांखालच्या चकत्या, दोन्ही वायसर, नवे घाल. चाक उतरवलंस की आतले दाते पूस आणि काळी पेस्ट लाव, पातळ, बोट फिरल्यासारखी. दादासारखी थापू नकोस. म्हणजे, दादानं लावली असती तर थापली असती.

इथपर्यंत लिहून साक्षीदारांना वाचून दाखवलं. एक माझ्या खोलीतला, क्रेनवर असतो, त्याला सगळे लांब्या म्हणतात. दुसरा मेसचा आचारी. लांब्यानं विचारलं, "हे लागू कधी होणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू मेल्यावर ना?"

"हो. मृत्युपत्र आहे ते."

"आणि आई गाडीवर कधी बसते म्हणालास?"

"मंगळवारी."

"उद्या मंगळवार आहे, लेका. तुला सकाळीच मरावं लागेल."

आचारी हसला, मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मी घाम पुसला. इतकं लिहिलं, एवढी कलमं घातली, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मला वाटत होतं, कागदावर चढलं की दादाला ऐकावंच लागेल.

म्हणून कलम चार मी मेल्यानंतर नाही, आत्तापासून लागू. ऑफिसला चार ओळी वेगळ्या देतो. या कागदाचा फोटो आत्ताच धाकटीला पाठवतोय. धाकटे, दादा समोर असताना वाच, आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच. आईला घाबरवायचं नाही म्हणून मी तिला काही बोललो नव्हतो. आता घाबरू दे. आई, उद्या गाडीवर बसलीस तर तुला माझी शपथ आहे. टॅक्सीनं जा. आणि हो, जेवलो.

दादा, हे ऐकून किल्ली टेबलावर ठेव. चार भोकांच्या मधोमध ठेव. ठेवलीस तर ती भोकं मी परत घेतो आणि कलम तीनमध्ये तुझ्यासाठी काय लिहायचं ते बघतो. नाही ठेवलीस, तर मनोऱ्यावरून उतरून आधी तुझ्याकडे येईन, मग बाकीचं.

सही: मधला, ज्याला घरात ग्रीस्या म्हणतात. (इथून पुढे दादानं म्हणायचं नाही.)

साक्षीदार: लांब्या, क्रेनवाला. सगळं वाचून सही केली आहे.
साक्षीदार: मेसचा आचारी. ऐकून सही केली आहे.

ठिकाण: कामगारांच्या खोल्या, पाण्याच्या टाकीमागची रांग.
दिनांक: सोमवार, रात्रपाळीचा भोंगा व्हायच्या आत.

ता. क. टेम्पो, वेल्डर, तेल, दोन बोल्ट, वायसर, सील, पेस्ट आणि आईची जाण्यायेण्याची टॅक्सी, एवढ्याचे पैसे धाकटीच्या खात्यावर टाकले आहेत. सुट्टीच्या तिकिटासाठी बाजूला ठेवले होते, तेच. म्हणजे यंदा माझं येणं नाही, वाट बघू नका. चार हजार सहाशे.