अप्पांची खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ

फुटपाथवर टेबल-खुर्च्या मांडायच्या नाहीत, हा पालिकेचा नियम. गाडी आली की खांदा कॉलनीतले आम्ही सगळे हॉटेलवाले सामान आत ओढतो, ती गेली की परत बाहेर. आज मी अप्पांची खुर्ची तेवढी राहू दिली. समोरच्या बिल्डिंगमधले अप्पा. गुडघ्यांमुळे त्यांना आमच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून रोजचा चहा बाहेरच. बसलेल्या म्हाताऱ्याला कोण उठवणार, असं वाटलं मला!

उठवलं. खुर्ची गाडीत टाकली. अप्पा कप धरून उभेच.

नियम बरोबर असेलही, लोकांना चालायला जागा नको? पण ती खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही. जाताना तेच म्हणाले, "माझ्यापायी खुर्ची गेली गं तुझी."

मी म्हटलं, "उद्या या हं."

कुठे बसवणार आहे त्यांना?