विमानातला एक जास्तीचा श्वास

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी पाठवते, कारण पत्राची सुरुवात मोकळी सोडली की माझा हात पुढे चालत नाही. तुझा उजवा गुडघा कसा आहे? आणि डावा? (तू नेहमी एकाचंच रडतेस, दुसऱ्याला काय वाटत असेल.) माझ्या मागच्या दारातला नळ गळतो, तो पिळून घट्ट बंद कर असं निघताना भिंतीवर ठोकून सांगितलं होतं. ऐकलंस, की नेहमीसारखी ऐकून गप्प बसलीस, ते कळव. अकरा वर्षं आपण दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो आणि नळ, कचऱ्याची गाडी आणि चुकून दुसरीकडे पडलेलं टपाल यापलीकडे बोलत नाही, तेव्हा एवढं लांब पत्र पाहून तुला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. विमानात बसून आले, एवढंच.

झालं असं, की सुनेचे दिवस भरत आलेत, तीन आठवडे राहिलेत, आणि माझ्या मुलाला एकाएकी आठवलं की आपल्या आईने एकतीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलंय. एरवी तो हे कुणाला सांगत नाही. (आई आरोग्य खात्यात होती, असं सांगतो. मी खात्यात नव्हते, बेडपॅनात होते.) तिकीट त्याने काढलं ते रात्री साडेअकराचं, कारण रात्रीचं स्वस्त पडतं आणि आईला तशीही झोप नसते. विमानतळावर एका मुलीने माझी पिशवी उपसून कात्री काढून घेतली, टॉर्च मात्र राहू दिली. (वॉर्डातलीच टॉर्च, निवृत्त होताना परत करायची राहून गेली ती.) मी तिला विचारलं, बाई, त्या कात्रीने मी काय वैमानिकाची नखं कापणार आहे? ती हसली नाही. हसण्याचे पैसे वेगळे मिळत नसावेत.

जागा मला मधली मिळाली. ती खुर्ची अशी, की मांडीवर पिशवी घेतली तर हात ठेवायला जागा नाही, आणि हात ठेवलाच तर तो शेजाऱ्याचा निघतो. खिडकीशी एक शाळेतली बाई होती, पुढचं फळकुट पाडून लाल पेनने उत्तरपत्रिका तपासत बसलेली. दुसऱ्या बाजूला टाय लावलेला एक जाडजूड गृहस्थ, तो विमान हलायच्या आधीच झोपला आणि त्याने डोकं माझ्या खांद्यावर सोडून दिलं. इतक्या विश्वासाने माझ्या खांद्यावर आजवर कुणी डोकं टेकलं नव्हतं, तुझ्या भावजींनी तर नाहीच. मग लाल ओठांची एक विमानातली मुलगी गोळ्या वाटत आली. वर जाताना कान बसतात, गोळी चघळा म्हणाली. मी ती रुमालात बांधून ठेवली. (दाताला चिकटते.) त्यामुळे विमान वर गेलं आणि माझे दोन्ही कान असे बसले, की कुणीतरी डोक्यावरून गादी ओढावी. शाळेतली बाई म्हणाली, आजी, जांभई द्या, सुटतील. मी म्हटलं, मी हुकमावरून जांभया देत नाही. त्यानंतर ती काय, कुणीही काय बोललं ते मला ओठांवरूनच ओळखावं लागलं.

तासाभराने दिवे मालवले. धाकटे, तुला खरं सांगते, मला त्या क्षणी वाटलं मी कामावर आले. मधे अरुंद वाट, दोन्ही बाजूंना माणसं ओळीने टाकलेली, कुणाची मान लटकलेली, कुणाचा जबडा उघडा, आणि जमिनीलगत तेवढा एक निळा उजेड. वॉर्डात रात्री तीन वाजता हेच असतं. फक्त तिथे माणसं आडवी असतात, आणि आपण जमिनीवर असतो. शाळेतली बाई पेन हातात धरूनच झोपली होती, कुणा पोराच्या उत्तरावर शाईचा लाल डाग पसरत चालला होता. मी पेनाला टोपण घातलं, गृहस्थाचं डोकं सरळ केलं, आणि तेवढ्यात मला तो श्वास ऐकू आला.

तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते. दोन आखूड, एक लांब, आणि मग काही नाही. वॉर्डात कुणाचा असा श्वास लागला की रात्रपाळीची नर्स मला म्हणायची, जा, ऐकून ये. डॉक्टरकडे नळी असते, मला नुसता कान. मी जाऊन खाटेशी उभी राहायची, स्वतःचा दम धरायची (आपला श्वास चालू असला तर दुसऱ्याचा नीट ऐकू येत नाही, ही पहिली गोष्ट मी तिथे शिकले) आणि मधली पोकळी मोजायची. नऊपर्यंत गेलेले परत आलेले मी पाहिलेत. एक तर नंतर बायकोशी भांडत घरी गेला. चौदापर्यंत गेलेलं मात्र कुणी परत आलेलं पाहिलं नाही.

विमानात मी मोजलं. नऊ.

आधी शेजारच्या दोघांच्या नाकाखाली बोट धरलं. शाळेतली बाई बारीक फुसफुसत होती, गृहस्थ पंपासारखा चालू होता. त्यांचा नव्हे. मग टॉर्च घेतली, गृहस्थाच्या गुडघ्यांवरून पाय टाकून उतरले (तो झोपेतच सॉरी म्हणाला, चांगल्या घरचा दिसतो) आणि वाटेने मागे निघाले. प्रत्येक रांगेशी थांबायचं, दम धरायचा, ऐकायचं. आणि धाकटे, प्रत्येक रांगेशी तो होता. कुणाजवळही वाकले की वाटायचं इथला नाही, पण इथून जवळच आहे. पुढच्या रांगेत जावं तर तिथेही तेवढ्याच अंतरावर. एक नवराबायको एकमेकांकडे पाठ करून झोपले होते, भांडण अर्धवट ठेवून झोपल्यासारखे, त्यांचा नव्हता. एक बाप्या डोळे अर्धे उघडे ठेवून पडला होता, त्याच्या तोंडावर मी टॉर्च मारली. त्याचे ओठ हलले, आलं का? मी म्हटलं, तुमचं नाही आलं, झोपा. तो पुन्हा झोपला असेल असं मला वाटत नाही.

अशा तेवीस रांगा मी पालथ्या घातल्या. शेवटी पडदा होता, त्याच्या आड त्या लाल ओठवालीसह दोघी मुली उभ्यानेच डब्यातलं खात होत्या. पाणी हवंय का, आजी? मी म्हटलं, पाणी राहू द्या, तुमच्या विमानात एकाचा श्वास तुटतोय. दोघींनी डबे खाली ठेवले. पोरी वाईट नव्हत्या, लगेच विचारलं, कोणती सीट? आता सीट कुठली सांगणार? मी बोट ओठावर ठेवलं, म्हटलं, दम धरा आणि ऐका. दोघींनी धरला. मीही धरला. त्यांना म्हणे इंजिनाचीच घरघर ऐकू आली. मला मात्र थोड्या वेळाने, आम्हा तिघींच्या मधोमध, वीतभर अंतरावर, पहिला आखूड श्वास ऐकू आला. माझा चेहरा पाहून लाल ओठवाली एक पाऊल मागे सरली. मग तिने माझ्या दंडाला धरलं आणि विचारलं, आजी, तुम्हाला बाथरूमला जायचंय का? म्हाताऱ्या माणसाने काहीही सांगितलं तरी लोकांना शेवटी तेच सुचतं.

गेले. तो संडास म्हणजे उभं कपाट आहे. आत गेल्यावर दार लावायला पोट आत घ्यावं लागतं, दोन माणसं तिथे मावूच शकत नाहीत. मी कडी लावली. श्वास आतही होता. मी आरशात पाहिलं, केस विस्कटले होते, ते सारखे केले, हात धुतले आणि बाहेर आले. मुलींना म्हटलं, माझा भास झाला असेल, जेवा तुम्ही. जागेवर जाऊन बसले. गृहस्थाचं डोकं पुन्हा खांद्यावर आलं, ते या खेपेला मी राहू दिलं.

विमान उतरायला लागलं तसे कान फट्‌कन सुटले आणि श्वास बंद झाला. तरी म्हटलं, बघून घ्यावं. वॉर्डात अशा रात्रीनंतर सकाळी उजाडलं की सगळे चहासाठी उठून बसतात आणि एक खाट उठत नाही. म्हणून मी पट्टा न सोडता बसून राहिले, कोण उठत नाही ते बघायला. चाकं थांबायच्या आत सगळे उभे. माना वाकड्या करून, पिशव्या कवटाळून, दहा मिनिटं तसेच उभे, जशी काही मागून आग लागली आहे. गृहस्थ खांद्याबद्दल आभार मानून गेला. शाळेतल्या बाईने डाग पडलेल्या पेपरावर मला विचारून दोन मार्क वाढवले. अर्धे डोळेवाला माझ्याकडे न बघता गेला. नवराबायको गेले. एक एक करून सगळी रांग आपापल्या पायांनी दारातून बाहेर पडली, एकही राहिला नाही. मग लाल ओठवाली वाटेने माझ्यापर्यंत आली, वाकली आणि म्हणाली, आजी, तुम्हीच राहिलात.

तर असा प्रवास झाला. श्वास कुणाचा होता ते काही कळलं नाही. इकडे सगळे ठीक आहेत, सून हत्तीसारखी चालते, मुलगा तिच्यामागे खुर्ची घेऊन फिरतो. गुडघ्याला तेल लाव. दोन्ही.

तुझी,
थोरली

ता. क. वर एक खोटं लिहिलंय. श्वास कुणाचा ते कळलं. त्या कपाटात कडी लावल्यावर मी दम धरला तर आवाज थांबला, सोडला तर सुरू झाला. विमानभर मी माझाच श्वास शोधत फिरत होते. विमान खाली येत असताना शाळेतल्या बाईला विचारलं, ती म्हणाली कान बसले की माणसाला आपलाच आवाज आतून मोठा ऐकू येतो, त्यात काही नाही. बरोबर असेल, शिकलेली आहे. पण मधले नऊ कुठून आले? ऐकायचं म्हटलं की मी दम धरते, एकतीस वर्षांची सवय. म्हणजे एकतर माझा श्वास तुटतोय म्हणून मला ऐकू आला, नाहीतर मी ऐकत होते म्हणून तुटला. हे आतून कळत नाही. तीन रात्री पडून बघितलं, कान लावला की दम आपोआप धरला जातो. मुलाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मला यंत्राच्या नळकांड्यात घालेल आणि सून घाबरून वेळेआधी मोकळी होईल.

ता. क. दुसरं. म्हणून तू ये. तो श्वास माझ्याशिवाय ओळखणारी तू एकटीच उरली आहेस. आईच्या वेळेला मागच्या खोलीत आपण दोघी होतो. मी चौदा मोजले आणि म्हटलं, ही सकाळ बघत नाही. तू दुधाची वाटी भिंतीवर आपटलीस आणि म्हणालीस, तुझ्या जिभेने नेलं तिला. आई तेव्हा जिवंत होती, पहाटे गेली. पण वाटी आपटायच्या आधी तूही मोजत होतीस, तुझे ओठ हलताना मी पाहिले. ते मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही. आता एक रात्र माझ्या खोलीत झोप आणि माझा श्वास मोज. जे असेल ते तोंडावर सांग. मी वाटी आपटणार नाही, इथली भांडी सुनेची आहेत.

ता. क. तिसरं. दिवसाच्या विमानाने ये आणि गोळी चघळ. तू घोरतेस, म्हणून आधी मी झोपणार, तू जागी राहायचं. नऊच्या आत असेल तर सकाळी चहाबरोबर सांगितलंस तरी चालेल. पुढे गेला तर मला उठव. सांगायचं काही नको, नुसतं उठव, नळाचं काय केलंस ते बोलत बसू.