दादाचं डबिंग

११ फेब्रुवारी
एडिटिंगला लग्नाचे व्हिडिओ साचलेत. एका नवरीची आई रोज फोन करते, हळदीत तिची बहीण कमी दिसली म्हणून. डोळे चुरचुरतात, पाठ धरलीय.

त्यात संध्याकाळी मोहसीन, आमचा मो., येऊन बसला. मोबाइलचं दुकान भावाच्या गळ्यात टाकून हा आमचा डायरेक्टर. ‘ताई, पिक्चरचं काय?’ पिक्चरचं काय असणार. एडिट झालंय. डबिंग राहिलंय. म्हणजे दादा राहिलाय.

१२ फेब्रुवारी
काल लिहिता लिहिता अर्धवट सोडलं. आज सगळा सिनेमा आवाज बंद करून पुन्हा पाहिला. ‘तल्लख’ नाव. जऊळक्याचा एक मोटर वाइंडिंगवाला, गावभर ढ म्हणून हिणवलेला. स्टेशनावर एक अनोळखी माणूस त्याच्या हातात औषधाची डबी देऊन पळतो. गोळी घेतली की याचं डोकं पळायला लागतं. कधी वाचलेलं, ऐकलेलं सगळं आठवतं, समोरच्याच्या पोटातलं कळतं. मग डबीमागे गुंड, एक खून, शेतातून पळापळ. शेवटी प्लॅटफॉर्मवर हिरोचं लांबलचक भाषण.

हिरो माझा दादा. खराच मोटर वाइंडिंगवाला, ढ मात्र नाही. गणपतीतल्या नाटकात पानभर भाषण एका दमात म्हणायचा. मो.नं तो शेवट त्याच्यासाठीच लिहिला.

शूटिंग सोयाबीनच्या दिवसांत झालं. शेजारी मळणी यंत्र, वर रेल्वे. कॅमेऱ्यातला आवाज कामाचा नाही. ‘नंतर डब करू’ म्हणाले सगळे, मीही. दिवाळी झाली आणि दादाला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले. बोलणं गेलं.

१६ फेब्रुवारी
जऊळक्याला जाऊन आले. मंदावहिनी रोज सकाळी त्याला समोर बसवते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. एकेक वस्तू उचलून दाखवते.
‘हे काय हाय?’
‘मोटर.’
पळी होती.
‘हे?’
‘मोटर.’
कंगवा. स्वतःचाच राग येतो त्याला. सगळं कळतं, ऐकलेलं सगळं समजतं, तोंडातून मात्र तो एकच शब्द. वहिनी थकत नाही. मी पाहूनच थकले. निघताना म्हणाली, ‘आज प घेतला होता त्यानं. नुसता प. पण घेतला.’

२१ फेब्रुवारी
डबिंगचा प्रयत्न. मो.ची हौस, माझीही. माझ्या खोलीच्या भिंतींना गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद. दादा हेडफोन लावून स्टुलावर. पडद्यावर तोच, बोलतोय. त्याच्यासोबत दादाचे ओठ हलत होते, अगदी बरोबर. आवाज नाही.

पुन्हा. पुन्हा. घामाघूम झाला.

मग हेडफोन काढून एक सणसणीत शिवी हासडली. स्वच्छ. ‘वा दादा, गाली एकदम क्लिअर आली!’ मो. हसला, आम्ही सगळे हसलो, दादाही. आणि हसता हसता रडायला लागला. मो.नं त्याचे खांदे धरले, ‘काई टेन्शन नाई दादा, पिक्चर थांबंल, तुमी आरामात.’ बाहेर जिन्यात मात्र मला म्हणाला, हॉल बुक करून बसलो ना ताई, गावभर सांगून बसलो.

२४ फेब्रुवारी
मळणी यंत्राच्या आवाजाखाली दादाचा आवाज आहे. बारीक, पण आहे. दिवसभर तो साफ करत बसले. घरघर काढली की दादाही निघून जातो. सोडून दिलं. पोळ्याही करपल्या.

२७ फेब्रुवारी
मो. नवीनच काहीतरी घेऊन आला. फोनमधलं अ‍ॅप. माणसाचा जुना आवाज त्यात घातला की त्याच आवाजात काहीही बोलतं. आपण फक्त लिहायचं.
‘कोनाले सांगून राह्यलास हे,’ मी म्हटलं, ‘मेलेल्या मानसासाठी असतंय ते.’
‘काहून? गळ्याचं ऑपरेशन झालेले लोक वापरतेत ताई. तुमच्यापाशी असतील ना त्यांचे व्हॉइस मेसेज?’
आहेत. ढीगभर. दादा कधी टाइप करायचा नाही, बोलूनच पाठवायचा. दिले. देताना एक ऐकला: ‘शुभे, फोन काहून उचलत नाई? लय मोठी झाली का?’ पुढचे ऐकवेनात.

१ मार्च
बोलला.

आधी फार गुळगुळीत बोलत होता, बातम्या देणाऱ्यासारखा. मी मला-तुलाचं मले-तुले केलं, मधे श्वास टाकले, वाक्यं तोडली. चौथ्या खेपेला प्लॅटफॉर्मवरचा हिरो दादाच्या आवाजात म्हणाला, ‘मले आता सगळं दिसून राह्यलं. तुमी काय लपवून राह्यले, तेबी दिसून राह्यलं.’ ओठांवर बरोबर बसलं. एवढं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही.

स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासता घासता रडले. आनंद होता, खरंच होता. आणि कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखंही वाटत होतं.

४ मार्च
दादा-वहिनी इकडे आले होते. दादाला दाखवलं. स्टुलावर ताठ बसून पाहिलं. संपलं तसं बोटानं खूण, पुन्हा. पुन्हा. तिसऱ्यांदा खदखदून हसला, मांडीवर थाप मारली. वहिनीला ओढून आणून समोर बसवलं. वहिनीनं तोंडावर पदर धरला. मो. म्हणाला, कमाल!

दादानं आपला फोन माझ्यापुढे केला. त्यात टाकून हवं होतं. मी तो प्रसंग टाकून दिला, अ‍ॅपही. आनंदानं.

१० मार्च
वहिनीचा फोन. आवाज बसलेला.
‘शुभा, ते काय देलं तू त्याले?’
काय झालं म्हटलं तर सांगायला लागली. सकाळी पळी दाखवली. दादानं तोंड उघडलं नाही. फोन काढला आणि बटण दाबलं. मले आता सगळं दिसून राह्यलं. कंगवा दाखवला. पुन्हा बटण. तुमी काय लपवून राह्यले. शेजारचे आले, त्यांनाही तेच. लोक वा वा करून राह्यले, म्हणे. चार दिवस झाले, एक अक्षर नाही. प गेला, मोटरही गेला.
‘मले मोटरच पायजे बाई,’ वहिनी म्हणाली. ‘मोटर त त्याचा होता.’

सिनेमातही असंच होतं, गोळी घेणाऱ्याला गोळीशिवाय काही सुचेनासं होतं. तो प्रसंग मी किती वेळा कापला, जोडला. तेव्हा डोक्यात आलं नाही. आता स्वतःचा राग येऊन काय उपयोग.

११ मार्च
मो.ला सांगितलं, आवाज काढते. त्याचा चेहरा उतरला. भांडला नाही, तेच अवघड.
‘ताई, दादालेच इचारा ना. पिक्चर त्यांचाय. ते खुश हायेत.’
हेही खरंच. वहिनी म्हणते काढ, दादा म्हणतो ठेव, म्हणजे म्हणत नाही, बटण दाबतो. हॉलचा दिवस जवळ आलाय. मशीनचा ट्रॅक बंद करून ठेवलाय. पुसला नाही.

१५ मार्च
सकाळच्या गाडीनं जऊळका. ठरवून गेले होते, फोनमधून ते काढून टाकायचं.

दादानं फोन आपणहून दिला. मला वाटलं, समजला. तर अ‍ॅप उघडून लिहायच्या जागी बोट ठेवलं. लिही. त्याला आता सिनेमातलं पुरेना. नवीन हवं. मशीननं त्याचं बोलावं.
‘काय लिहू?’
हातवारे. स्वयंपाकघराकडे बोट, मग तोंडाकडे.
‘मले नाई समजत दादा. तू सांग, मी लिहिते.’
रागानं पाहिलं. मी फोन मांडीवर पालथा घातला. कठोरपणा कुठून आला कोण जाणे. आईनंतर मला वाढवलं त्यानं, आणि मी त्याला शब्दासाठी तिष्ठत ठेवत होते. ‘सांगशील तेच लिहीन. नाई त नाई.’

जेवणं झाली. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं. तो बसूनच. मधेच तोंड उघडायचा, मिटायचा. ‘मोट…’ झालं, शिवी झाली. मी उठले नाही. झोप येत होती, तरी उठले नाही.

मग गळ्याची शीर ताणून,
‘च… चा. चाय.’
मी पुढे सरकले.
‘चाय… गो… गोड. गोड कर.’

एवढे महिने बिचारा बिनसाखरेचा चहा पीत होता आणि तक्रार करता येत नव्हती.

आतून वहिनी, भांडं खाली न ठेवता, ‘डाक्टरनं नाई सांगतलं. हाय तोच प्या.’ रोजच्या नवऱ्याला रोज देतात तसं उत्तर. मग भांडं पडल्याचा आवाज आला आणि ती दारात येऊन उभी राहिली, ओल्या हातांनी. आत गेली, साखरेचा डबा उघडल्याचं ऐकू आलं.

मी दादाचा हात धरला. तो हात सोडवून घेऊन त्यानं फोन सरळ केला. लिही.
‘झालं ना दादा. सांगतलं ना तू. ऐकलं वहिनीनं.’
लिही.

शब्द दिला होता. लिहिलं. फोन बोलला, दादाच्याच आवाजात, एका दमात, न अडखळता: चाय गोड कर. वहिनी कप घेऊन आली होती. तिनं फोनकडे पाहिलंही नाही. कप त्याच्या हातात दिला.

दादा फोनकडे पाहून हसत होता. चहा निवत होता.

१६ मार्च
मो.चे फोन. उद्या फाइल द्यायची आहे. प्लॅटफॉर्मचा प्रसंग अजून मुका ठेवलाय. तसाच जाईल, किंवा मशीनचा जाईल, किंवा दादाच्या फुटक्या आवाजातले दोन-चार शब्द, तेवढेच, बाकी गाडीचा आवाज. मला यातलं शेवटचं हवंय.

पण विचारायचं दादालाच, हे मो.चं बरोबर आहे. उद्या सकाळी विचारणार. तो कशावर बोट ठेवेल, याची मला फार भीती वाटते.