बापाचं पात्र

प्रिय सुआन,

तुझी ईमेल मिळाली. उत्तर हातानं लिहितेय, कारण त्या फोनवर एकेक अक्षर दाबत बसलं की माझा राग निवतो, आणि हे उत्तर मला राग निवल्यावर लिहायचं नाही. तू एक गोष्ट विचारलीस आणि एक सांगितलीस. विचारलंस ते असं, की तुमच्या रविवारच्या वाचक मंडळात माझ्या कादंबरीवर काय बोलणं झालं, कुणाला काय आवडलं. सांगितलंस ते असं, की डिसेंबरमध्ये पिनांगला येशील, चौरास्ता बाजाराच्या माडीवर जुन्या पुस्तकांच्या त्याच गाळ्यात उभी राहून शनिवारचं प्रकरण लोकांना वाचून दाखवशील, पण उतरशील मात्र युनिस आंटीकडे. ‘तुला उगाच त्रास नको, मम्मी.’ त्रास हा शब्द फार जपून वापरलास. लेखिका झालीस खरी.

पप्पा गेल्यापासून तू इकडे फारशी फिरकली नाहीस, म्हणून मंडळात आता कोण कोण उरलंय ते आधी सांगते. लेचुमी आंटी अजून फक्त पाककृतींची पुस्तकं वाचते, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कादंबरीसारखी, आणि त्यातलं काही म्हणजे काही करत नाही. रुग्णालयातली नोकरी संपली तरी बोलणं अजून इंजेक्शन टोचल्यासारखंच आहे. केंग अंकल युद्धांचे इतिहास वाचतात. कुठलंही पुस्तक मागून उघडायचं, आधी सूची, मग आभार, मग मनात आलं तर पहिलं पान, अशी त्यांची रीत. हालिमा टीचर आपल्याकडे नवीन. त्या जोहोरहून निवृत्त होऊन आल्या, त्यांना रहस्यकथांशिवाय काही चालत नाही आणि इथं कुणाचं मागचं काही माहीत नाही. युनिस आंटीला प्रेमकथा लागतात, त्याही शेवटी लग्न होणाऱ्याच. आणि मी प्रवासवर्णनं वाचते. मी स्वतः सरहद्दीपलीकडच्या हात्याई शहराच्या पुढं कधी गेले नाही. मेलबर्नला बोलवायचं तुझं राहूनच गेलं.

आमचा नियम तुला आठवत असेल. ज्यानं पुस्तक आणलं, त्यानं साखरेत मुरवलेली जायफळाची फोड तोंडात धरायची आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. लेचुमी आंटी आपल्या पुस्तकांसाठी हमरीतुमरीवर यायची, तेव्हापासून हे सुरू झालं. दुसरा नियम असा, की स्वतः पुरतं वाचल्याशिवाय पुस्तक आणायचं नाही. तो मी मोडला. तुझं पुस्तक आलं, मी पहिली काही प्रकरणं वाचली, त्यात शाळा होती, समुद्र होता, पप्पांची स्कूटर होती. आई कुठं फारशी दिसत नव्हती. म्हटलं, येईल पुढं. पोरीचं पुस्तक हातात आल्यावर कुणाला धीर निघतो? मी सगळ्यांना प्रती वाटून मोकळी झाले आणि रविवारी नवा ब्लाउज घालून, फोड तोंडात टाकून, राणीसारखी खुर्चीत बसले.

पहिली लेचुमी आंटी बोलली. म्हणाली, या पुस्तकातली आई पानोपानी मासे तळते, पण एकदाही मीठ चाखून बघत नाही, अशी बाई मी जन्मात पाहिली नाही, लेखिकेनं आईला स्वयंपाकघरात उभं केलंय पण तिच्याकडे मान वर करून बघितलेलं नाही. मला बरं वाटतंय न वाटतंय तोच तिनं माझ्याकडे वळून जोडून दिलं, की बाकी ते कोरडे मासे मात्र हुबेहूब तुझेच आहेत गं. सगळे हसले. मीही हसले, तोंड मिटून. मग बोलता बोलता एकेक गोष्ट माझ्या कानावर यायला लागली. आई मुलीला बाजारातून वेणी धरून फरफटत नेते. आई मुलीची पुस्तकं बंद करते. आईच्या हाताला मासळीचा वास येतो आणि तो वास मुलीच्या गालावर जन्मभर राहतो. हे वाक्य म्हणे परदेशातल्या वर्तमानपत्रांनी उचलून धरलंय. माझ्या हाताला एवढी प्रसिद्धी मिळाली, ती मला जायफळ चघळताना कळली.

नंतर हालिमा टीचर. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, पुस्तक उत्तम, पण खुनी चुकीचा पकडलाय. केंग अंकल म्हणाले, यात खून कुठाय? तेव्हा त्या जे बोलल्या ते तुला शब्दाला शब्द लिहिते, कारण तुझ्या पुस्तकावर इतकं नीट कुणी बोललं नसेल. “पोरीनं पुरावा सगळा टिपलाय. बाप दर शनिवारी तिला पुस्तकांच्या गाळ्यात बसवतो, ‘सावकाश निवड, घाई करू नकोस’ म्हणतो आणि निघून जातो. परत येतो तेव्हा केस ओले, भांग नवा, अंगाला मोगऱ्याच्या साबणाचा वास आणि हातात शेंगदाण्याचा गरम पोळा. अहो, भर दुपारी माणूस बाजारात अंघोळ करून येतो, आणि पोरगी त्याला माया म्हणते! आता एवढंच सांगा, बाजारामागच्या त्या गल्लीत तेव्हा राहायचं कोण?”

लेचुमी आंटी चहा आणायला उठली. चहा कुणी मागितला नव्हता.

सुआन, तुला तेव्हा आठवं वर्ष होतं. मी चौरास्त्याला खाली मासळी घ्यायला आले होते, आणि आलेच आहे तर दोघांना बघून जावं म्हणून माडीवर चढले. तू गाळ्यात पोत्यावर बसून वाचत होतीस. एकटी. मी विचारलं, पप्पा कुठायत? तू पुस्तकातून मान वर न काढता म्हणालीस, “पडदे बघायला गेलेत.” आपल्या घराला पडदे नव्हते, लाकडी झडपा होत्या. पडद्यांचं दुकान त्या गल्लीत एकच होतं, युनिसचं, वरच्या माडीवर ती राहायची. त्याचं दार आतून बंद होतं, आणि मी मासळीची पिशवी हातात धरून त्या जिन्यावर तुझे पप्पा खाली उतरेपर्यंत बसले. ते उतरले. केस ओले होते. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, पोळा घ्यायचा राहिला. तिथून मी येऊन तुझी वेणी धरली. ती धरली हे खरं आहे. पडद्यांचं वाक्य मात्र तुझ्या पुस्तकात नाही, रविवारनंतर मी शोधून बघितलं. विसरलीस, की कथेला जड जात होतं म्हणून गाळलंस, ते तुझं तुला माहीत.

त्या संध्याकाळी तू रडत होतीस आणि पप्पा तुझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होते, मम्मीला पुस्तकं आवडत नाहीत, काय करणार बाळ? तेही तू लिहिलंयस, फार सुंदर लिहिलंयस म्हणे. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू येत होतं. मी आत येऊन एक वाक्य बोलले असते तर तुझं पुस्तक वेगळं झालं असतं, कदाचित झालंच नसतं. मी मासे तळले. चाखून बघायचं मात्र राहिलं, ते लेचुमी आंटीचं बरोबर आहे.

युनिसला मी सोडलं असं समजू नकोस. मंडळ सुरू केलं तेव्हा तिला मीच बोलावलं, घरी जाऊन, हसून. नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. दर महिन्याला तिला माझ्या हातचा चहा प्यावा लागला, आणि पप्पा समोरून खुर्च्या उचलून नेताना तिला त्यांना मिस्टर ओंग म्हणावं लागलं. ते गेले तेव्हा तू पुढं बसून रडत होतीस. तिला मी मागे गटारीजवळ शेजारणींत बसवलं आणि गेलेल्याच्या नावानं जाळायच्या सोनेरी कागदाच्या घड्या घालायला लावल्या. डोळे पुसायला हात मोकळा होऊ दिला नाही. सगळे म्हणत होते, युनिस किती करते हो तुमच्यासाठी.

तर रविवारी तिची पाळी आली. ती म्हणाली, मला यातला बाप फार आवडला, अशी माणसं घरात कुणाला कळत नाहीत, वाचताना मी तीनदा पुस्तक मिटलं. हालिमा टीचर नव्या, त्यांनी तिला रुमाल दिला. मी ते ऐकून घेतलं. इतकी वर्षं ऐकलं, त्यात आणखी एक रविवार. मग शेवटी केंग अंकल. ते म्हणाले, आई उत्तम आहे, जपानी अंमलात आमच्या रस्त्यावर एक अधिकारी होता, अगदी तसाच. त्यांना ते कौतुकच वाटत होतं. आणि मग आपल्या सवयीनं त्यांनी पुस्तक मागून उघडलं आणि आभाराचं पान मोठ्यानं वाचायला घेतलं. प्रकाशक, संपादक, तुझा नवरा, आणि मग, ‘युनिस आंटी, जिच्याशी झालेल्या फोनवरच्या लांबलचक गप्पांशिवाय माझे पप्पा या पानांवर पुन्हा जिवंत झाले नसते.’

माझ्याशी तू फोनवर हवापाण्याचं बोलतेस.

मी जायफळाची फोड बशीत काढून ठेवली. आता माझी पाळी होती. मत द्यायचं असतं ते मी थोडक्यात दिलं, की बापाचं पात्र मला पटलं नाही. लेचुमी आंटी पुरे आता म्हणाली. मी युनिसकडे वळले आणि विचारलं, “युनिस, पोरीनं साबण मोगऱ्याचा लिहिलाय. बरोबर आहे का?”

ती खाली बघत होती. आपली पिशवी तिनं उचलली, पट्टा खांद्यावर नीट केला. मला वाटलं आता उठून जाईल आणि माझं जिंकून होईल. ती म्हणाली, “चंदनाचा. मोगरा त्याला सोसायचा नाही, डोकं चढायचं.” एवढंच बोलली. रागानंही नाही. आणि गेली.

सुआन, आपल्या न्हाणीघरात लग्नापासून मोगऱ्याचाच साबण होता. मला आवडतो म्हणून. इतकी वर्षं तो माणूस तो साबण अंगाला लावत होता आणि मला एकदाही म्हणाला नाही. तू मोगरा लिहिलास तो आपल्या घरातला म्हणून लिहिलास, हे मला कळलं. तेवढी एकच जागा तुझ्या पुस्तकात माझी होती, आणि तीही चुकीची निघाली. त्या दिवशी हालिमा टीचर निघताना माझा हात धरून म्हणाल्या, मला माहीत नव्हतं, माफ करा. मी म्हटलं, माफी कसली, तुमचंच वाचन सर्वांत चांगलं. खरंच सांगते, त्या एकट्याच पुस्तक वाचून आल्या होत्या, बाकीचे आपापलं आयुष्य घेऊन आले होते.

तू म्हणशील, मम्मी, हे तू मला आधी का सांगितलं नाहीस, आणि मग आता तरी का सांगतेस? पप्पा गेले, मी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, आता हे ऐकवून काय मिळवलंस? सांगते. पोरीला आईबापांतला निदान एक जण तरी मनापासून आवडावा, एवढंच मला त्या संध्याकाळी सुचलं होतं. माझा नंबर लागण्यातला नव्हता. म्हणून तो पप्पा तुला मी दिला, वर्षानुवर्षं, तोंड मिटून, तुझी बोलणी खाऊन. तू मला जगासमोर कैदाशीण केलंस त्याचंही मला काही नाही, ते मी तेव्हाच कबूल केलं होतं. पण त्या पप्पांसाठी तू आभार तिचे मानलेस. आणि आता उतरायलाही तिच्याच घरी जाणार. म्हणून हे पत्र. मी दिलेला पप्पा मी परत घेतला आहे. आता बाजारात उभी राहून ते प्रकरण वाचायला लागलीस की तुझ्या तोंडून ते पूर्वीसारखं निघणार नाही, हे मला माहीत आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुला आता मी एकटीच उरले आहे, सुआन, आवडो न आवडो. कुठं उतरायचं ते ठरव आणि कळव.

तुझीच,
मम्मी